मदत हवी आहे: फुलं नसताना काळी मुसळी आणि फोडशी पानांवरून कशी ओळखायची?

नमस्कार मंडळी. भीमाशंकरच्या रानात झाडांखाली गवतासारख्या लांब पानांचे झुबके दिसतात. फुलं असली की प्रश्नच नाही: काळी मुसळीचं पिवळं, सहा पाकळ्यांचं चांदणीसारखं फूल अगदी जमिनीलगत, तर फोडशीची पांढरी फुलं उंच दांड्यावर. पण फुलं सरली की नुसती पानं उरतात.

काळी मुसळीच्या पानाला लांबीच्या शिरांवर पंख्यासारख्या घड्या असतात, बारीक लव असते आणि टोक मातीला टेकलं की तिथेच मुळं फुटतात. फोडशीचं पान गुळगुळीत. अडचण कोवळ्या रोपांची आहे, तिथे घड्या नीट उमटलेल्या नसतात. लव बोटाला कळते का, की भिंग लागतंच? पानाचा तळ पाहून काही सांगता येतं का?

कृपया ‘कंद उकरून बघा’ असं सुचवू नका. मुळासाठी उपटून ही झाडं आधीच खूप कमी झालीत. कोवळी फोडशी भाजीसाठी खुडणाऱ्या आया-आज्यांना विचारता आलं तर जरूर विचारा, त्या पान हातात घेताच सांगतात. नेमकं काय बघतात त्या?

कोवळ्या पानांचे, मागच्या बाजूचे फोटो असतील तर नक्की टाका.