ऑनलाइन मागवलेली ऑर्किडची पिल्लं: फुलं नक्की कधी?

पूर्वेची_गॅलरी (ठाणे)

ऑनलाइन ९ रोपांचा कॉम्बो परवा आला. ५ डेंड्रोबियम, २ फॅलेनोप्सिस, २ कॅटलिया. जाहिरातीत 'सीडलिंग, २ इंची पॉट' असं होतं, पण आली ती कुंडीशिवाय, ओल्या मॉसमध्ये गुंडाळून. डेंड्रोबियमच्या कांड्या (उभी जाडसर खोडं) ४-५ सेंमी आहेत, फॅलेनोप्सिस एका पानाच्या टोकापासून समोरच्या पानाच्या टोकापर्यंत ८ सेंमी. गॅलरीत सकाळी साडेदहापर्यंत ऊन येतं. सोबत ०:५२:३४ (नत्र:स्फुरद:पालाश) खताची पुडी आहे, 'ब्लूम बूस्टर' म्हणून. ती लगेच सुरू करू का? कशात लावू? फुलं साधारण कधी धरायची? आणि पुढच्या वेळी काय बघून मागवावं?

कोळसा_आणि_विटा

बूस्टरची पुडी आधी कपाटात ठेवा. नंतर बोलू.

आधी मुळांवरचं मॉस पूर्ण काढा, ते तसंच ठेवून लावणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. बाहेरून कोरडं वाटतं, आत गच्च ओलं असतं आणि आठवड्याभरात मधली मुळं जातात. मुळं बोटाने दाबून बघा. टणक असेल ते ठेवा, मग रंग तपकिरी असला तरी चालेल. दाबल्यावर पाणी सुटून नुसता दोरा हातात येत असेल ते कापा. कात्री दर रोपाला ज्योतीवर धरा, नाहीतर एकाचा रोग नवांना.

मग कार्बेन्डाझिम-मॅन्कोझेबची मिश्र पावडर १ लिटर पाण्यात २ ग्रॅम, त्यात रोपं १० मिनिटं. हातमोजे घाला. बाहेर काढून सावलीत ४-५ तास सुकू द्या. लगेच लावू नका, कापलेली जागा कोरडी व्हायला हवी.

डेंड्रोबियम आणि कॅटलियाला २ इंची नेट पॉट (जाळीदार कुंडी) आणि शेगडीचा लाकडी कोळसा, तुकडे १ ते दीड सेंमीचे, आदल्या दिवशी भिजवून धुतलेले. त्यात चौथा हिस्सा नारळाच्या सोडणाचे तुकडे. सोडण २-३ दिवस भिजवायचं, रोज पाणी बदलायचं. पहिलं पाणी चहासारखं निघतं, ते झाडाला नको. रोप हलत असेल तर काडीला सैल बांधा. हलणाऱ्या रोपाची नवी मुळाची टोकं कोळशावर घासून मरतात आणि मग 'सगळं बरोबर करतोय तरी वाढत नाही' ही तक्रार सुरू होते.

फॅलेनोप्सिसला प्लास्टिकचा पारदर्शक ग्लास, खाली आणि बाजूने भोकं पाडून. त्यात भरायला पाइन बार्क (पाइनच्या सालीचे तुकडे) मिळाली तर उत्तम. मुळं चंदेरी-पांढरी दिसली की पाणी, हिरवी असतील तर थांबा. पानांच्या मधल्या खळग्यात पाणी साचलं तर टिश्यूच्या टोकाने टिपून घ्या.

मोठी कुंडी घेऊन 'एकदाच लावून टाकू' करू नका. ६ इंची कुंडीचा मधला भाग वाळत नाही आणि एवढ्याशा रोपाला ते पाणी ओढताही येत नाही.

कांडी_मोजणारा

फुलं कधी, याचं उत्तर महिन्यांत देऊ नये, कांड्यांत द्यावं. तुमच्या डेंड्रोबियमची आत्ताची कांडी ५ सेंमी. बुडाशी नवा कोंब येईल, तो पूर्ण वाढला की ८-१० व्हायला हवा. त्याच्या पुढचा १५-१८. सोनियासारख्या नेहमीच्या संकरित जाती साधारण २५-३० सेंमीच्या जाडजूड कांडीवर फुलतात. म्हणजे अजून तीन ते चार पिढ्या. आपल्या उबदार हवेत नीट खत-पाणी मिळालं तर वर्षात दोन कांड्या होतात. हिशोब करा: दीड ते दोन वर्षं. फॅलेनोप्सिसही साधारण तेवढंच घेईल, मोठ्या फुलांच्या जातीत पानांचा घेर २५ सेंमीच्या आसपास गेला की आशा धरायची. कॅटलियाला तीन-चार वर्षं द्या आणि तिच्याकडे फार बघू नका.

नवी कांडी जुनीपेक्षा उंच आणि जाड आली की तुमचं बरोबर चाललंय. बुटकी आली तर कारण शोधायचं, आणि ते बहुतेक वेळा मुळांतच सापडतं. पान गडद हिरवं, लांबट आणि लुळं असेल तर उजेड कमी. पोपटी हिरवं हवं. तुमचं सकाळचं ऊन डेंड्रोबियमला चांगलं, पण कुरियरच्या खोक्यातून आलेलं रोप थेट उन्हात ठेवलं तर पान भाजतं. पहिले १५ दिवस शेडनेटखाली. फॅलेनोप्सिस मात्र कायम मागच्या रांगेत.

आता ती पुडी. ०:५२:३४ मध्ये नत्र शून्य आहे. नव्या कांडीला, नव्या पानाला नत्र लागतं. पाच सेंमीच्या कांडीला फुलाचं खत घालून फूल येत नाही, उलट वाढ अडते. कृषी सेवा केंद्रातून १९:१९:१९ आणा, ५ लिटर पाण्याला अडीच ग्रॅम (अर्धा सपाट चहाचा चमचा), आठवड्यातून एकदा. आधी साधं पाणी द्या, अर्ध्या तासाने खताचं. कॅल्शियम नायट्रेट याच प्रमाणात पण वेगळ्या दिवशी, पंधरवड्यातून एकदा. दोन्ही एका बाटलीत कालवलं तर कॅल्शियम आणि फॉस्फेटचा पांढरा साका तळाशी बसतो आणि दोन्ही वाया.

एखादं अशक्त पिल्लू मध्येच फुलाची दांडी काढतं. जिवावर येतं, पण ती कापा.

टॅग_वाचा_आधी

खरेदीबद्दल. 'सीडलिंग' (पिल्लू), 'नियर ब्लूमिंग' (फुलायला आलेलं) आणि 'ब्लूमिंग साइज' (फुलण्याएवढं मोठं) या तीन शब्दांत वर्षांचा फरक आहे. पण 'ब्लूमिंग साइज' या शब्दावर विसंबू नका. विक्रेत्याला कांडीची उंची किंवा पानांचा घेर सेंमीत विचारा आणि त्याच रोपाचा पट्टी ठेवून काढलेला फोटो मागा. जुन्या कांडीवर वाळलेल्या दांडीचा खुंट दिसला तर ते झाड एकदा फुललेलं आहे, यापेक्षा मोठा पुरावा नाही.

दुसरं, मेरिक्लोन (एकाच झाडाच्या पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेली प्रत) की बियांचं रोप? मेरिक्लोन असेल तर फूल फोटोसारखं येईल. बियांपासूनच्या संकरात भावंडांसारखा फरक पडतो, फोटोतला रंग ही फक्त शक्यता असते.

ऑर्किडच्या बियांची पाकिटं घेऊच नका. खरं बी धुळीसारखं असतं, त्यात अंकुराला पुरेल असा अन्नसाठा नसतो. निसर्गात बुरशीच्या मदतीने आणि प्रयोगशाळेत फ्लास्कमधल्या माध्यमावरच ते रुजतं. पाकिटात मोहरीएवढं बी दिसलं तर ते दुसरंच काहीतरी आहे. गडद निळं फॅलेनोप्सिसही तसंच, दांडीत रंग भरलेला असतो, पुढची फुलं पांढरी. आणि 'जंगली' म्हणून स्वस्तात विकलेली सीतेची वेणी वगैरे झाडावरून ओरबाडलेली असते. घेऊ नका.

मागवायला दिवाळीच्या आसपास किंवा फेब्रुवारी बरा. मे महिन्यात खोक्यात झाड शिजतं, जुलैत कुजतं. सोमवारी रवाना करायला सांगा, म्हणजे रविवारी गोदामात अडकत नाही. खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा, त्याशिवाय बदली मागता येत नाही.

पूर्वेची_गॅलरी

मॉस काढलं. दोन डेंड्रोबियमची निम्मी मुळं गेली होती. त्यातल्या एकाच्या कांडीच्या टोकाला इवलंसं रोप फुटलंय, दोन पानांचं. हे चांगलं लक्षण ना?

कांडी_मोजणारा

ती केकी. मुळं बिघडली की डेंड्रोबियम बऱ्याचदा खालून कोंब काढायचं सोडून वर पिल्लू काढतं. तोडू नका. तिला स्वतःची दोन-तीन मुळं ३-४ सेंमीची झाली की कांडीच्या छोट्या तुकड्यासकट कापून वेगळी लावा. तोपर्यंत मूळ रोपाला खत बंद, फक्त सकाळी पाण्याचा फवारा. कांडी सुरकुतली तरी घाबरून पाणी वाढवू नका, प्यायला मुळंच नाहीत. हवा दमट ठेवा.

कोळसा_आणि_विटा

आणि पावसाळ्यात रात्री टॉर्च घेऊन गोगलगाई बघा. मुळाची हिरवी टोकं त्याच खातात, दोष मात्र कोळशाला जातो.