मदत हवी आहे : ठाण्यात सामान ठेवायला भाड्याची जागा

नमस्कार मंडळी. घोडबंदर रोडचा फ्लॅट सोडून आम्ही खारकर आळीत, सासऱ्यांच्या जुन्या घरी राहायला जातोय. कौपिनेश्वर मंदिर, मासुंदा तलाव सगळं पायी. अडचण आहे ती लाकडी जिन्याची. परवा टेप लावली, जेमतेम सव्वादोन फूट, आणि वर काटकोनात वळण! आजीचं सागवानी कपाट चढणारच नाही. (बायको म्हणते विकून टाका. ते होणे नाही.)

दुरुस्ती होईपर्यंत सहा-आठ महिने कपाट, सोफा आणि पुस्तकांची वीसेक खोकी सेल्फ स्टोरेजमध्ये (सामानासाठी महिन्याच्या भाड्याने मिळणारी बंद खोली) ठेवायचा विचार आहे. भिवंडीकडे स्वस्त पडेल म्हणतात, पण एका खोक्यासाठी कशेळीच्या ट्रॅफिकमध्ये कोण अडकणार? एका ठिकाणी भाडं सांगितलं, मग हळूच म्हणाले, प्रत्येक वेळी सामान काढायचे पैसे वेगळे.

कुणी ठाणे किंवा रबाळे-महापे भागात पूर्ण पावसाळाभर लाकडी सामान ठेवलंय का? बुरशी, वाळवी लागली का? विमा भाड्यातच असतो की वेगळा? आणि नव्या घराजवळच्या जांभळी नाक्याच्या गर्दीत टेम्पो किती वाजता आणावा?