पाचवी-सहावीच्या मुलांना आकलनाची तंत्रे वेगळी शिकवावीत का?

पाचवीच्या बाई
सोलापूरच्या पूर्व भागातील एका मराठी शाळेत मी पाचवीला भाषा शिकवते. वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी तेलुगू बोलली जाते. देवनागरी एकदा हाताशी आली, की मूल कोणताही मजकूर घडाघडा वाचते, आणि तिथेच आपली फसगत होते. मागील आठवड्यात मी मुद्दाम फळ्यावर लिहिले, ‘गंबा चुरमाटात झिपळत होता’, आणि विचारले, ‘गंबा कोठे झिपळत होता?’ भराभर हात वर झाले. ‘चुरमाटात!’ गंबा म्हणजे कोण, हे मात्र एकानेही विचारले नाही.

आमच्या केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत एका सहकाऱ्यांनी सांगितले, की आकलन शिकवायचे नसते, वाचता वाचता ते येते. मला हे पटत नाही. अमेरिकेत पालिन्क्सर आणि ब्राउन यांनी 1984 साली मांडलेल्या पद्धतीत मुले चार गोष्टी करतात: पुढे काय येईल याचा अंदाज बांधणे, मजकुरावर प्रश्न काढणे, अडलेले सोडवणे आणि सारांश सांगणे. आधी शिक्षक हे मोठ्याने करून दाखवतात आणि हळूहळू सूत्रे मुलांच्या हाती देतात. ज्याला अडल्याचेच कळत नाही, त्याला थांबायला शिकवावे लागते, असे माझे मत आहे. आपणांस काय वाटते?

धोटा
बाई, आपले निदान अचूक आहे. औषधाबद्दल मात्र माझा मतभेद आहे. मी सहावीला शिकवतो. आमच्याकडे यंत्रमागावरचा एक उतारा आला, तेव्हा वाचताना सर्वांत जास्त अडखळणाऱ्या मुलाने ताणा कसा भरतात, कांडी संपली की माग का थांबवावा लागतो, हे सारे उताऱ्याच्याही पुढे जाऊन समजावून सांगितले, कारण त्याचे वडील मागावर काम करतात. त्याला कोणतेही तंत्र शिकवलेले नव्हते. रेक्ट आणि लेस्ली यांचा 1988 चा बेसबॉलचा प्रयोग हेच दाखवतो: खेळाची माहिती असलेल्या कच्च्या वाचकांना सामन्याचे वर्णन जितके समजले, तितके खेळ न जाणणाऱ्या चांगल्या वाचकांनाही समजले नाही. म्हणून ‘आज आपण अंदाज बांधायला शिकू’ असले तास घेण्याऐवजी इतिहास, भूगोल आणि विज्ञान पोटभर वाचून घ्यावे आणि शब्द वाढवावेत.

निवृत्त मुख्याध्यापक
तंत्राचे कर्मकांड व्हायला वेळ लागत नाही, एवढेच अनुभवाने सांगतो. शिष्यवृत्तीच्या तयारीत ‘आधी प्रश्न वाचा, मग उताऱ्यात तोच शब्द शोधा’ असे आम्हीच शिकवत आलो. बाईंचे चुरमाट हे त्याचेच पीक आहे. (त्यात माझाही वाटा आहे, हे नाकारत नाही.)

पाचवीच्या बाई
सर, शब्द शोधण्याची ती युक्ती न समजता गुण मिळवण्यासाठी आहे. मी जे म्हणते, ते न समजल्याचे ध्यानात येण्यासाठी आहे. दोन्हींना ‘तंत्र’ म्हटले, म्हणून ती एक होत नाहीत.

धोटा, आपल्याला मागाचेच उदाहरण देते. नान्नजच्या माळढोक अभयारण्यावरचा उतारा वर्गात घेतला. त्यात ‘विणीचा हंगाम’ असा शब्द होता. विणकरांच्या घरातली मुले, सगळ्यांनी तो बिनदिक्कत वाचून पुढे नेला. पुढच्या वाक्यात मादी जमिनीवर एकच अंडे घालते, असे आल्यावर एक मुलगी थांबली आणि म्हणाली, ‘बाई, माळढोक काय विणतो?’ तिच्या घरच्या माहितीने तिला चुकीच्या वाटेवर नेले होते. ती परत फिरली, कारण ‘अर्थ जुळला नाही, तर मागचे वाक्य पुन्हा वाचायचे’ हे आम्ही पंधरा दिवस घोटले होते.

धोटा
प्रसंग सुंदर आहे, पण तो माझ्या बाजूनेही बोलतो. अंडे विणत नाहीत, हे तिला ठाऊक होते, म्हणूनच तिला खटकले. आणि ‘वीण’ या शब्दाचा दुसरा अर्थ, म्हणजे प्रजनन, शेवटी आपणच सांगितला असणार. शिवाय 1984 चा तो प्रयोग सातवीच्या मुलांवर होता, ज्यांना वाचता येत होते पण समजत नव्हते, आणि तो सुमारे 20 दिवसांचा होता. वर्षभर रोज एक तास त्यासाठी द्यावा, असे त्यातून निघत नाही. पंधरा दिवसांत मुले थांबायला शिकली असतील, तर सोळाव्या दिवशी काय शिकवणार?

एक पालक
माझा मुलगा घरी धडा वाचून स्वतःलाच प्रश्न विचारतो, पण सगळे प्रश्न ‘कोणी’ आणि ‘कोठे’ असेच असतात. ‘का’ विचारायला कोणी शिकवेल का?

पाचवीच्या बाई
धोटा, अर्थ मीच सांगितला, हे खरे आहे. सोळाव्या दिवसापासून वेगळा तास बंद करून हेच थांबणे परिसर अभ्यासाच्या पुस्तकावर करून घ्यावे, हे मी मान्य करते. भाषेच्या तासाला अडकवून ठेवण्याचे कारण नाही. पण पहिले पंधरा दिवस मी सोडणार नाही. त्या मुलीने प्रश्न विचारल्यावर मी वर्गाला विचारले, की ‘विणीचा हंगाम’ आणखी कोणाला अडला होता. सुरुवातीला कोणीच बोलले नाही. मग एकेक करत सव्वीस हात वर आले.