बोरघाट रेल्वेवर कादंबरी लिहितोय, नायक कोण करू?

घाटवेडा:
मंडळी, बोरघाटाच्या रेल्वेवर ऐतिहासिक कादंबरी लिहायला घेतलीय, काळ १८५६ ते १८६३. शिंग्रोबा धनगराला नायक करायचं डोक्यात होतं, म्हणजे त्याने साहेबाला वाट दाखवली आणि साहेबाने त्यालाच गोळी घातली ती गोष्ट, पण जुन्या हायवेने गेलेल्या प्रत्येकाला ती पाठ आहे. दुसरं कोणी सुचतंय का?

जुनेकागद:
शिंग्रोबा दंतकथा म्हणून भारी आहे, देवळापाशी येऊ दे एखाद्या प्रकरणात. पण अ‍ॅलिस ट्रेडवेल बघा ना. पहिला ठेकेदार फॅव्हिएल ठेका सोडून गेला, मग १८५९ ला सॉलोमन ट्रेडवेल आला तो थोड्याच दिवसांत वारला, आणि त्याच्या बायकोने ठेका सोडला नाही, अ‍ॅडमसन आणि क्लाउझर असे दोघे इंजिनियर नेमून घाट पुरा करून घेतला. बाई तयार नायिका आहे हो!

कर्जतकर:
झालं, परत मॅडमच! अहो १८६१ ला त्या घाटात ४२,००० च्या वर माणूस राबत होतं, त्यातलं एक तरी नाव येतं का कुणाला? फॅव्हिएलच्या वेळी मजुरी थकली म्हणून १८५९ च्या जानेवारीत मजुरांनी दंगा केला, सरकारी चौकशी लागली. मी असतो तर तिथूनच सुरुवात केली असती. एक मुकादम घ्या, वरून पैसा येत नाही आणि खाली टोळीतली माणसं रोज दारात, बायकापोरांसकट, कारण अख्खी कुटुंबंच कामावर असायची.

घाटवेडा:
@कर्जतकर मुकादम पटला राव. पण त्याची टोळी नेमकं काय करताना दाखवू?

कर्जतकर:
सुरुंगाची. उभ्या कड्यावर पाय ठेवायला जागा नाही, म्हणून माणसं वरून दोराने सोडायचे आणि ती लटकत लटकत दगडाला भोकं पाडायची, मग त्यात दारू ठासायची. डायनामाइट दाखवू नका, तेव्हा नव्हताच तो. आणि पटकीची साथ घ्याच, वस्तीत शिरली की निम्मी टोळी रातोरात गावाकडे पळाली असं काहीतरी.

जुनेकागद:
बरं, मुकादम तर मुकादम. फक्त बोगदे आजचे मोजून लिहू नका, तेव्हा २५ होते. आणि खंडाळ्याजवळचं रिव्हर्सिंग स्टेशन विसरू नका, गाडी तिथे थांबून इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि उलट्या दिशेने चढण सुरू. १९२९ पर्यंत चाललं ते.