ट्रायाजचं सिम्युलेशन ट्रेनिंग: उपयोग आहे की नुसतं नाटक?

रात्रपाळीवाली: आमच्याकडे (पुण्यातच, नाव नको) कॅज्युअल्टीतल्या सगळ्या नर्सना सिम्युलेशनवर ट्रायाज शिकवणार म्हणे. म्हणजे खोटे पेशंट (बाहुले) आणायचे आणि आधी कोणाला घ्यायचं, कोण थांबू शकतो ते ठरवायचं. माझं मत, हे कधीच व्हायला हवं होतं. पीपीटी बघून ट्रायाज येत नाही हो. नवले पुलावर गाड्या आदळल्या की एकदम जथ्था येतो, जो बोंबलतोय त्याच्याकडे सगळे धावतात, आणि कोपऱ्यात गप पडलेला, ज्याचा श्वास मिनिटाला ३०च्या वर गेलाय, तो खरा लाल टॅगचा, म्हणजे सगळ्यात आधी घ्यायचा असतो.

वैतागलेला_खडकीकर: ताई, बाहुल्याला नातेवाईक नसतात! एकच सिस्टर ट्रायाज करणार, सलाईन लावणार, एमएलसीचं (पोलीस केसचं) लिहिणार, वर कुठल्यातरी भाऊंचा फोन घेणार. आधी माणसं भरा, मग बाहुले घ्या. फोटो काढायला बरे असतात ते, ॲक्रेडिटेशनवाले (हॉस्पिटलचा दर्जा तपासणारे) येऊन गेले की कपाटात.

रात्रपाळीवाली: दादा, माणसं हवीतच, त्यात वाद नाही. पण दोघी असल्या आणि दोघींनाही ओळखता आलं नाही तर? मधुमेही आजी येतात, छातीत दुखतंय असं म्हणतच नाहीत, "जळजळतंय गं, ॲसिडिटीची गोळी दे" एवढंच, आणि कपाळावर गार घाम. तिचा ईसीजी १० मिनिटांत निघायला हवा, आपण तिला बाकावर बसवतो. ही चूक बाहुल्यावर होऊ दे की. आणि नातेवाईक हवेत ना, नर्सिंगच्या पोरी करतात की आरडाओरडा, आपल्यापेक्षा भारी.

सासवड_रोड: मध्येच बोलतो. दोन गोष्टींची खिचडी होतेय. लाल-पिवळा-हिरवा-काळा ही स्टार्ट पद्धत १९८३ची, कॅलिफोर्नियातली, एकदम खूप जखमी असतील तेव्हासाठी. रोजच्या कॅज्युअल्टीला ईएसआयसारखी (इमर्जन्सी सिव्हिअरिटी इंडेक्स, विमावालं नाही) पाच पातळ्यांची लागते, तुमच्या आजी तिथल्या. ट्रेनर दोन्ही एकाच दिवसात कोंबणार असेल तर खडकीकरांचंच बरोबर.

वैतागलेला_खडकीकर: बघा! आणि जर्मन बेकरीचा स्फोट २०१०ला शनिवारी संध्याकाळी झाला होता, ट्रेनिंगसारखा सकाळी ११ला चहा-बिस्किटांसकट नाही. घ्यायचंच तर रात्री २ला घ्या, आहे त्या स्टाफवर, न सांगता.

रात्रपाळीवाली: रात्री २ला चालेल. पण नंतर बसून कुठे चुकलं ते बोलायला अर्धा तास द्यायचा, आणि मेट्रनने त्यातलं काही अप्रेजलमध्ये घालायचं नाही. नाहीतर कोणी खरं बोलणारच नाही.

वैतागलेला_खडकीकर: मेट्रनचं लेखी आणा, मग मी पेशंट व्हायला येतो.