पासवर्ड बदलता येतो, चेहरा नाही
‘लपवण्यासारखं काही नसेल तर कॅमेऱ्याला कशाला घाबरायचं’ हा चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणेच्या बाजूनं केला जाणारा मुद्दा मला अजिबात पटत नाही. अमेरिकेतल्या रॉबर्ट विल्यम्स यांनी काय लपवलं होतं? दुकानातल्या चोरीच्या अंधुक चित्रणाशी त्यांचा लायसन्सवरचा जुना फोटो यंत्रानं चुकीनं जुळवला. जानेवारी २०२० मध्ये डेट्रॉइट पोलिसांनी त्यांना घरासमोर, बायको आणि दोन लहान मुलींच्या देखत बेड्या घातल्या. जवळपास ३० तास कोठडीत!

यंत्र ‘हाच तो’ असं सांगत नाही हो. चेहऱ्याचे आकडे करून साम्य किती, एवढंच सांगतं. किती साम्य पुरेसं, ते माणसं ठरवतात. शिवाय पासवर्ड फुटला तर बदलता येतो, चेहऱ्याचं काय करणार? आपला चेहरा कोण, किती दिवस साठवणार हे आधी लेखी मिळायला हवं.