गाडीच्या एसीचे अनुभव लिहा (सोलापूरकर तर लिहाच)

पारा ४२-४३ वर गेला की आपल्याकडे प्रत्येक एसीवाल्याच्या दारात गाड्यांची रांग, आणि सगळ्यांचं एकच वाक्य, "गॅस संपलाय, भरून द्या." गॅस संपत नसतो हो! पेट्रोलसारखा जळत नाही तो, बंद पाइपातच फिरत राहतो, कमी झाला म्हणजे कुठनंतरी गळतोय. माझ्या गाडीत मागच्या उन्हाळ्यात एका ठिकाणी नुसता गॅस भरून दिला, महिन्याभरात परत गरम हवा. मग आसरा चौकाकडच्या एका मिस्त्रीने आधी नायट्रोजन भरला, प्रत्येक जॉइंटला साबणाचं पाणी लावलं आणि कंडेन्सरच्या (पुढच्या जाळीमागं गरमी बाहेर टाकतो तो भाग) पाइपापाशी बारीक बारीक बुडबुडे यायला लागले. आतली ओ-रिंग (रबरी कडी) कडक होऊन चिरलेली. ती बदलली, अर्धा-पाऊण तास व्हॅक्युम मारला (पंपाने आतली हवा ओढून काढली), पंप बंद करून गेजचा काटा हलतो का ते बघत बसला, आणि मगच बॉनेटखालच्या स्टिकरवर जेवढे ग्रॅम लिहिलेत तेवढा गॅस वजनकाट्यावर मोजून सोडला. काम असं पाहिजे. तुमचेही अनुभव लिहा.

एमआयडीसीवाला
अक्कलकोट रोडला कारखान्यांच्या मधे गाडी दिवसभर उभी असते. कुलिंग कमी झालं म्हणून गॅस चेक केला तर बरोबर होता. पुढची जाळी काढली तर कंडेन्सरवर यंत्रमागाच्या कापसाची तूस आणि धूळ मिळून नमदा झालेला, गरमी बाहेर पडणार कुठनं? कमी प्रेशरच्या पाण्याने धुतला. जोरात मारू नका, पत्र्या वाकतात. केबिन फिल्टर पण तसाच भरलेला होता.

बाळ्याची ताई
आमचं वेगळंच. पुणे हायवेला टेंभुर्णीपर्यंत मस्त गारवा आणि सात रस्त्याच्या सिग्नलला थांबलं की घाम. कंडेन्सरचा फॅनच बंद होता. पळताना वारा लागतो म्हणून कळत नाही. ह्यांना म्हटलं, गॅसचं नंतर बघू, आधी एसी लावून फॅन फिरतोय का ते बघा.

गेजवाला
मी हेच काम करतो म्हणून लिहितो. गिऱ्हाइकाला घाई असते, पण व्हॅक्युम सोडू नका, हवा आणि ओल आत राहिली तर ओल एक्स्पान्शन व्हॉल्व्हपाशी (गॅस बारीक सोडणारी झडप) गोठते नाहीतर आतून गंज धरते. "थोडा जास्त टाका" असं तर म्हणूच नका, जास्त गॅसने प्रेशर वाढतं, कुलिंग उलट कमी होतं आणि कॉम्प्रेसरवर लोड येतो. गॅससोबत ऑइल पण गेलेलं असतं, तेही बघून टाकावं लागतं. काही नव्या गाड्यांत नेहमीचा १३४ए गॅस नाही, १२३४वायएफ नावाचा येतो, दोन्ही मिक्स करायचे नाहीत. आणि घरी डबा आणून भरणाऱ्यांनो, १३४ए उणे २६ डिग्रीला उकळतो, बोटावर किंवा डोळ्यात उडाला तर भाजल्यासारखी इजा होते. हातमोजे, चष्मा पाहिजेच. जुना गॅस हवेत सोडणं पण बंद करा रे, कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता धरतो १३४ए, मशिनने काढून घेता येतो.

विजापूर रोडकर
माझी कुलिंग कॉइल (डॅशबोर्डमागं हवा गार करते ती) गळते म्हणतायत आणि डॅशबोर्ड उघडायला लागणार. नवी गाडी नाही, खर्च मोठा. खात्री कशी करायची?

गेजवाला
डॅशबोर्डला हात लावायच्या आधी गाडी बंद करून थोडा वेळ ठेवा आणि एसीचं पाणी जिथनं खाली टपकतं त्या ड्रेन पाइपापाशी इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर धरायला सांगा. हा गॅस हवेपेक्षा जड, खाली उतरतो, कॉइल गळत असेल तर तिथं मशिन वाजतं. नाही वाजलं तर पुढचे पाइप, कंडेन्सर आणि कॉम्प्रेसरचं शाफ्ट सील बघायला लावा, डाय (चमकणारा रंग) टाकून यूव्ही लाइट मारली की गळतीपाशी हिरवट चमकतं. कॉइलच निघाली तर मात्र डॅशबोर्ड उघडाच, नुसता गॅस भरत बसू नका.